म्हाताऱ्या मशीनचा घसारा

४ मार्च
रोजनिशी एक जानेवारीलाच सुरू करणार होतो. आधी पेन चांगलं नव्हतं, मग पेन मिळालं तर मूड लागेना. असो. आजपासून रोज.
मामांच्या लाँड्रीत हिशेबाला लागलोय. बाहेरगावी निघताना मामा म्हणाले, मशिनांचा घसारा काढून ठेव, गेल्या वर्षीसारखाच. नीट केलंस तर वरची खोली कायमची तुझी, नाहीतर गाशा गुंडाळ. ही माझी पाचवी नोकरी. शेवटचीच समजा. म्हणजे इथेच स्थिरावणार, या अर्थाने.

५ मार्च
घसारा म्हणजे वस्तू वापरून झिजते, तेवढी तिची किंमत दरवर्षी कमी लिहायची. एवढंच! यासाठी लोक परीक्षा देतात. उद्या बसतो. आज समोरच्या रस्त्यावर क्रेन आली होती.

६ मार्च
गेल्या वर्षीची पद्धत 'घटत्या शिल्लकेची'. उरलेल्या किमतीतून ठरावीक टक्के कापायचे, मग उरेल त्यातून पुन्हा. असं करत वस्तू कधीच शून्याला पोचत नाही. माझ्या चपलेवर करून पाहिलं. चप्पल अमर आहे.

७ मार्च
चप्पल तुटली. पद्धतच फालतू.

९ मार्च
(काल झोपलो होतो.) सरळ रेषेची पद्धत धरली. दरवर्षी सारखीच रक्कम वजा, टक्क्यांची कटकट नाही. मामा खूश होणार.
निकाल: कोपऱ्यातली जुनी मशीन, जिला सगळे म्हातारी म्हणतात, तिची किंमत शून्य! नवी भरपूर किमतीची. तरी सगळं काम म्हातारीवर, नवी नुसती उभी. काय हा कारभार!

१० मार्च, दुपार
मामी दवाखान्यात गेली होती, म्हणून निर्णय मीच घेतला. म्हातारी भंगारवाल्याला दिली. शून्याच्या वस्तूचे पैसे आले, म्हणजे निव्वळ नफा.

संध्याकाळ
मामीने आधी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, अरे दिवट्या, ती कागदावर झिजली, पण चादरी तीच धूत होती ना! नवीची मोटर कधीच जळलीय. मी विचारलं, मग कागदावर तिची किंमत एवढी कशी? मामीच्या हातात चादर होती म्हणून वाचलो, इस्त्री असती तर...

११ मार्च
भंगारवाल्याकडे धावलो. त्याने म्हातारीचे तुकडे केले होते. आमच्याकडे धुवायला येणाऱ्या हॉस्टेलच्या सगळ्या चादरी मी हाताने धुतल्या. इस्त्रीवाला विचारतो, या हातांचा घसारा कुठल्या पद्धतीने काढणार? उद्धट माणूस. मामांना फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी मध्येच फोन ठेवला. लाइन खराब असावी.

१२ मार्च, सकाळ
निश्चय: उद्यापासून घटती शिल्लकच. मामा चिडलेले वाटत नाहीत. मामीने खोलीची चावी मागून घेतली, बहुतेक झाडलोट करायची असेल.
खाली टॅक्सी थांबली. मामा असतील म्हणून खिडकीतून डोकावलो. मामा नाहीत, आई आलीये! एकटी कधी बाजारातसुद्धा न जाणारी माझी आई! माझं ऑफिस बघायला आली असणार. दोन बॅगा आणल्यात, पण दोन्ही रिकाम्याच दिसतात.