आईचं विमान मीच थांबवलं

शनिवार, संध्याकाळ. सोनिवली.

आज मी माझ्याच आईचं विमान थांबवलं. बरोबर केलं ना? केलंच. तरी जीव खालीवर होतोय.

आई-पप्पा इंडोनेशियात ज्या बेटावर फिरायला गेलेत, त्याच्या शेजारच्या बेटावरचा ज्वालामुखी सकाळपासून राख ओकतोय. अशा राखेवर नजर ठेवून आमच्या विमान कंपनीच्या विमानांना वाट सुचवायची, हे माझं काम. दुपारी सॅटेलाइटच्या फोटोत राखेचा पट्टा वळला तो नेमका त्यांच्या परतीच्या विमानाच्या वाटेवर. आणि उद्या माझा साखरपुडा! क्षणभर वाटलं, पट्टा जरा पातळ दिसतोय, जाऊ द्यावं का? पुन्हा पाहिला. पातळबितळ काही नव्हता. राख इंजिनात वितळून चिकटली की इंजिन बंद पडतं. 'आज उड्डाण नको' असं कळवून टाकलं.

आईचा फोन आलाच. "तूच थांबवलंस ना? अगं मेले, स्वतःचाच साखरपुडा!" मग हळूच म्हणाली, "इथून दिसतोय गं धूर. पप्पा फोटो काढत सुटलेत."

खरी धास्ती होणाऱ्या सासूबाईंची. त्या कॅम्प पाचला राहतात, त्यांना घाबरतच फोन लावला. सगळं ऐकून त्या हसायलाच लागल्या. "टेन्शन काय घेतेस? आपण कुठे मुहूर्त बघतो? बुद्धविहार पुढच्या रविवारीही रिकामंच आहे. जेवणवाल्याला मी सांगते. आधी तुझी आई नीट घरी येऊ दे."

फोन ठेवला आणि हसता हसता रडूच आलं. बरं झालं, याच घरात जायचंय मला.