धाकटीच्या घरची प्रार्थना

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तीन पानं, आणि तिन्ही पानांवर नवरा! हे भांडी घासतात, हे चिमणीची वेणी घालतात, जेवणाआधी सगळ्यांना जवळ बसवून प्रार्थना करतात. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं की काय.

खरं सांगू? माझ्या पोटात दुखलं. चर्चच्या रविवारच्या शाळेत मी पंधरा वर्षं मुलांना शिकवतेय, आणि माझ्या घरी जेवताना चमच्यांचाच काय तो आवाज. तुझे भावोजी भले माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण दुकानातून आले की वर्तमानपत्रात डोकं घालतात. आणि जो माणूस कारखान्यातून आला की पोरं पलंगाखाली शिरायची, त्याच्या घरी देव मुक्कामाला जातो! माझा पत्ता त्याला ठाऊक नाही का?

पूर्वी काही बिनसलं की तू मुलांना घेऊन माझ्याकडे यायचीस. गेल्या वर्षी दोन महिने राहिलीस, चिमणी माझ्या कुशीत झोपायची. आता आठ महिन्यांत फिरकली नाहीस. सुखाचे दिवस आले, ताईचं काय काम?

जपून राहा. असले बदल चार दिवसांचे असतात. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले.

चार दिवसांचं, असं मलाही वाटायचं. मी तुझ्याकडे होते तेव्हा कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरने ह्यांना घरी जेवायला नेलं. सकाळी आपण बायकोला तोडून बोललो, म्हणून त्याने सगळ्यांदेखत तिची माफी मागितली आणि मगच प्रार्थना केली. हे अर्ध्या ताटावरून उठले. रिकाम्या घरी येऊन ह्यांनी जन्मात पहिल्यांदा मनापासून देवापुढे मान खाली घातली.

मला घरी आणल्यावर ह्यांनी मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं की मी तुम्हाला भीतीत वाढवलं, ते पाप होतं, मला क्षमा करा. थोरला उठून निघून गेला. चार महिने प्रार्थनेला बसला नाही. ह्यांनी एकदाही जबरदस्ती केली नाही. आता बसतो, पण दाराजवळ. आणि राग काही गेलेला नाही गं. आला की हे अंगणात जातात आणि शांत झाले की आत येऊन राग आला होता असं सांगतात.

परवा ह्यांनी विचारलं, मी तुझ्याकडे असताना ह्यांनी पाठवलेलं लांबलचक पत्र मला मिळालं होतं का. सहा आठवडे उत्तराची वाट पाहिली आणि मग स्वतःच दारात आले म्हणे. टपालात हरवलं असेल. मी तर एका ओळीसाठी झुरत होते.

भावोजींना सलाम. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
धाकटी


२३ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायची आज माझी लायकी नाही. पत्र हरवलं नव्हतं. सोबत पाठवतेय.

पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा तू चिमणीला आंघोळ घालत होतीस. मी फोडलं नाही, पण दिलंही नाही. अक्षर ओळखलं आणि वाटलं, आता ही जाणार. शिलाई मशीनच्या खणात, रिळांखाली दडवलं. तू रोज टपालाचं विचारायचीस आणि मी नाही म्हणायचे. त्याच रविवारी मी मुलांना खरं बोलण्यावर धडा दिला.

तुझ्या भल्यासाठी, अशी मनाची समजूत घालत होते. साफ खोटं. घरात ‘मावशी, मावशी’ करत कुणी धावत होतं, ते मला हवं होतं. तुझा नवरा सुधारला तर मी जळले.

काल तुझ्या भावोजींना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. तुझी पोरं गेल्यावर त्यांनाही घर खायला उठलं होतं म्हणे, पण बोलावं कसं ते कळेना. जेवणाआधी आम्ही दोघं हातात हात घेऊन बसलो. शब्द सुचले नाहीत. नुसते बसलो.

जमलं तर क्षमा कर,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
सलाम लिहावासा वाटत नाही, तरी लिहिते.

सहा आठवडे, ताई! सहा आठवडे थोरला मला विचारत होता की बाबांना आपली आठवण येत नाही का. तुझं पत्र वाचून या घरात पुन्हा ताटली फुटली, या वेळी ह्यांच्या नव्हे, माझ्या हातून. ह्यांनी मुकाट्याने तुकडे वेचले. तुम्हाला राग येत नाही का, असं मी ओरडून विचारलं. खूप येतो म्हणाले, आणि अंगणात गेले.

परत आल्यावर ह्यांनी ते जुनं पत्र थोरल्याला दिलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, आणि त्या संध्याकाळी तो बापाच्या शेजारी येऊन बसला.

चिमणीने प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. सगळे आमेन म्हणाले. मला म्हणवलं नाही, आणि खोटं आमेन मला म्हणायचं नव्हतं. ह्यांनीही आग्रह केला नाही.

रविवारी दोघं जेवायला या. मी कदाचित तुझ्याशी धड बोलणार नाही. तरी ये. आणि येताना एक ताटली घेऊन ये, सहा जणांना आमच्याकडे एक कमी पडतेय.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी