सुगंधाच्या वाईट दिवसांची व्यवस्था

मी, इंद्रसिंग दलसिंग गिरासे, वय अठ्ठेचाळीस, राहणार शहादा, जिल्हा पश्चिम खानदेश, धंदा शेती आणि धुळ्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पुरवणे, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, पूर्ण शुद्धीवर हा कागद लिहीत आहे. शुद्धीबद्दल शंका येईल, कारण सकाळपासून मी विनाकारण हसतो आहे. प्रकृती ठणठणीत आहे. आजाऱ्याने मृत्युपत्र केले की घर घाबरते, म्हणून निरोगीपणीच उरकतो.

१. राहते घर व नदीकाठची जमीन माझी पुतणी सुगंधा, वय पंधरा, हिला द्यावी. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, कार्तिकात तापाने गेला. त्या दुपारी तिने त्याला ताक दिले होते. तेवढ्यावरून पोरीने सिद्धांत काढला की आपला हात लागला की बिघडते. मग भाकरी करपली, वासरू लंगडले, तेही तिच्याच हातामुळे. तिने अंथरूण धरले, वेणी घालणे सोडले.

मी नाशकात न्यायशास्त्र शिकलेला. तिच्या उशाशी बसून सिद्ध केले की तेच ताक मीही प्यालो व जिवंत आहे, सबब अनुमान खोटे. सुगंधा म्हणाली, “तुम्हनं खरं शे, काका. पन उठानी इच्छाच व्हत नही.” मी पोथी मिटून ओसरीवर गेलो.

२. भिंतीपलीकडच्या हाजराबी गोधड्या शिवून पोट भरतात. त्यांना माझी ओसरी तहहयात वापरू द्यावी. पौषात त्यांनी अर्धवट शिवलेली गोधडी आणून सुगंधाच्या खोलीतच पसरली. “बेटी, एकलीले ताणता येत नही. त्या टोकले बस.” पोर नुसती वजन म्हणून बसली. मग सुई धरली. “तुन्हा टाका वाकडा शे,” हाजराबी म्हणाल्या, “पन थंडी काय वाकडी लागाव नही.” सुगंधा म्हणाली, “मन्हा हातच असा...” आणि मध्येच थांबली. “पन काकाबी ताक प्यानात ना.” माझा युक्तिवाद इतके दिवस दाराबाहेर ताटकळत होता, हाजराबींनी त्याला आत घेतले.

३. थोरले बंधू हिंमतराव, राहणार नवापूर, यांना माझी न्यायशास्त्राची पोथी द्यावी. त्यांना गरज आहे. त्यांचे मत, “लगीन लावी दे, डोकं ठिकानवर यी.” ते स्थळ घेऊन आले तेव्हा सुगंधा भिंतीकडे तोंड करून “हो” म्हणाली. ते पेढे आणायला निघाले, म्हणून मी त्यांचा जोडा लपवला. तो ज्वारीच्या कणगीत आहे. तोही त्यांचा त्यांना द्यावा.

४. काल अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. सुगंधा गल्लीतल्या पोरींबरोबर नदीवर गेली आणि पलीकडच्या काठावरच्या पोरींना सणाच्या रीतीप्रमाणे शिव्यांची गाणी म्हणता म्हणता तिने माझ्या मिशांवर एक कडवे जोडले. वृत्त साफ बिघडले होते. मी ते दोनदा म्हणवून घेतले. तथापि असे दिवस रोज येत नाहीत हे मला कळते. म्हणून अट घालतो: ती जेवण टाकून भिंतीकडे तोंड करून पडली असताना दिलेला तिचा होकार, लग्नाचा असो, घर सोडण्याचा असो वा जमीन विकण्याचा, होकार धरू नये. ती उठून, वेणी घालून, कोणाशी तरी भांडल्यावर पुन्हा विचारावे.

एवढे लिहून ओसरीवर वाचून दाखवले. सुगंधाने हरकत घेतली. “वाईट दिन येतीन ते थांबानं, असं लिखं तुम्ही. पन तवय मन्हाजोडे कोन बसी?”

कागदात याची तजवीज नव्हती. मी नवे कलम लिहायला टाक शाईत बुडवला.

“मी बसस,” हाजराबी दोरा न तोडता म्हणाल्या.

समोरच्या घरच्या गुलाबबाई मिरच्या निवडत होत्या. “आनि मी काय मरेल शे का?”

५. सबब वाईट दिवसांत सुगंधाजवळ बसण्याचे काम या दोघींकडे राहील. मोबदला विचारला असता दोघींनी मला वेड्यात काढले. मी जिवंत असेपर्यंत तिसरा मी. मात्र मी युक्तिवाद करू नये, असे सुगंधाने सांगून लिहून घेतले आहे.

साक्षीदार:
हाजराबी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
गुलाबबाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा (मिरच्यांचा हात धुऊन)

सही: इंद्रसिंग दलसिंग गिरासे
मुक्काम शहादा, वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १८६०