घर, मोरी, गच्ची, जिना

बाबा, तुम्ही मला फसवत होतात का, एवढंच मला विचारायचं आहे. आता विचारून उपयोग नाही हे कळतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आईने तुमचे शर्टसुद्धा केव्हाच वाटून टाकले. पण ज्याच्यावर संशय आहे त्यालाच आधी विचारावं, परस्पर मनात निकाल लावू नये, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे तुमच्यावर संशय घ्यायचा तर तोही तुमच्याच पद्धतीने घ्यावा लागतोय.

शांती नगरचं आपलं स्वयंपाकघर. आई ओट्याशी चपात्या लाटतेय, तुम्ही टेबलावर कीबोर्ड आडवा टाकून बसलाय आणि मी तुमच्याकडे पाठ करून, फ्रिजकडे तोंड करून उभी. हात दिसले की कान आळशी होतो, असं तुम्ही म्हणायचात. शाळेत जायला लागायच्या आधीपासूनचा हा आपला वर्ग. संध्याकाळी काशीमीऱ्याच्या हॉटेलात तुमचा ऑर्केस्ट्रा असायचा. तिथली गाणी तुम्ही दुपारी घरी बसवायचात आणि बसवता बसवता मला शिकवायचात. तीन सूर एकत्र दाबले की कॉर्ड होते एवढं सांगितलंत, पण कॉर्डची इंग्रजी नावं कधी सांगितली नाहीत. गाणं जिथून निघतं आणि परत येऊन टेकतं ते घर. जिथे मोकळं वाटतं ती गच्ची. जिथे थांबताच येत नाही, घरी यावंच लागतं, तो जिना. आणि जिथे काही कारण नसताना ओलसर, उदास वाटतं ती मोरी. गणपतीची आरती, आईची अंगाई, बाजूच्या विंगमधल्या काकूंकडचा गरबा, टीव्हीवरची साबणाची जाहिरात, जे जे माझ्या कानावरून गेलेलं होतं ते तुम्ही वाजवायचात, आणि मी फ्रिजला सांगायची, घर, मोरी, गच्ची, जिना.

"गच्ची?" मी विचारते.

"विचारतेस काय? सांग. गायक काय थांबणार आहे तुझ्यासाठी?"

"गच्ची."

"शाबास."

तेवढंच काय ते तुमचं रागावणं. बाकी सगळं शाबास. मी जवळजवळ कधी चुकलेच नाही. इतके शाबास एका मुलीला मिळतात, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

गेल्या महिन्यात मीरा रोडच्या एका ऑर्केस्ट्राने मला ट्रायलला बोलावलं. त्यांची कीबोर्ड वाजवणारी लग्न करून गेली. समोर कागद नाही, गायक गाईल तसं कानाने पकडायचं. मला ती खुर्ची फार हवी होती. दिवसभर मी गोदामात बसून कॉम्प्युटरवर पार्सलं चढवते, आणि ते काम माझ्याशिवायही होईल हे मला रोज कळतं. ही खुर्ची मिळाली तर तसं वाटणार नाही, असं मनात होतं. म्हणून मी तुमची गाणी मोबाईलवर लावून सराव करायला बसले. पहिलंच गाणं, ते जुनं रडकं, तुमचं आवडतं. दुसऱ्या ओळीला माझ्या तोंडून गच्ची आलं, आणि मोबाईलवर मोरी वाजत होती. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मोरीच. पुन्हा. मोबाईल काही माझ्याखातर बदलला नाही.

मग मी कीबोर्डवर दोन्ही कॉर्ड दाबून बघितल्या. तीनपैकी दोन सूर सारखेच. डाव्या हाताची करंगळी एक पट्टी उजवीकडे सरकवली की मोरीची गच्ची होते. वरची चाल तशीच राहते, कुणाला खटकतही नाही. उठून आईकडे गेले.

"आई, मी चुकले की बाबा काय करायचे गं?"

"काय करणार? करंगळी सरकवायचे जरा. आणि मला डोळा मारायचे."

"किती वेळा?"

"मी काय मोजत होते? चपात्या करत होते."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलून काय? चुकलं म्हटलं की तुझा खालचा ओठ थरथरायचा. त्यांना ते बघवायचं नाही. आणि तू तरी काय चौकशी लावलीयस आता? मेलेल्या माणसाला नोटीस काढणारेस का?"

तिला हसू येत होतं. मला रात्री झोप येईना. माझं अक्षर वळणदार आहे, हेही तुम्हीच सांगितलेलं. मी पाढे पटकन म्हणते, मला माणसं कळतात, मी कुणाला दुखवत नाही, हे सगळं तुमच्याच तोंडून मला ठाऊक. त्यातली कुठली करंगळी सरकवलेली होती? तपासायचं तर आता कुणाकडे तपासायचं? मी ठरवलं की निदान गाण्यात तरी तुमच्यावर विसंबायचं नाही. ट्रायलसाठी त्यांनी कळवलेली सगळी गाणी रेकॉर्डवरून तपासून घेतली, प्रत्येक कॉर्ड पुन्हा पुन्हा, आणि पक्की पाठ केली.

ट्रायल काशीमीऱ्याला, एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत होती. खालून ट्रक गेला की फरशी हलायची. गायला भाईंदर गावातले एक म्हातारे काका होते, एकेकाळच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. तीन गाणी छान गेली. चौथ्याच्या अंतऱ्यात रेकॉर्डवर गच्ची आहे, मी खात्री केलेली. काका मात्र तिथे एक सूर खाली उतरले, मोरीत. त्यांचा सूर आणि माझी कॉर्ड, शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यासारखं कर्कश वाजलं. मी गच्ची सोडली नाही.

ऑर्केस्ट्राच्या मालकांनी हात वर केला. "बेटा, काका के साथ जाओ ना."

"सर, रेकॉर्ड में यही है."

काका चिडले नाहीत, हसले. "अगो पोरी, रेकॉर्डवाला हितं न्हाय. हितं मी हाय."

पुन्हा घेतलं. काका पुन्हा उतरले, मी पुन्हा गच्चीतच. मालक म्हणाले, कळवतो. ते कळवणार नाहीत.

घरी येताना शेअर रिक्षात मला तुमचं हॉटेल आठवलं. तुम्ही एकदाच मला तिथे नेलं होतंत, कुणाच्या तरी वाढदिवसाला. एक गिऱ्हाईक माइक हातात घेऊन गातंय, पट्टी सोडून भलतीकडेच चाललंय, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत, मान हलवत, त्याच्या पाठोपाठ जाताय. लोक टाळ्या वाजवतायत. "चुकत होता ना तो?" मी विचारलं. "म्हणून तर मी होतो," तुम्ही म्हणालात आणि माझ्या ताटात आणखी पापड ठेवलात. तेव्हा मला ते थोर वाटलं होतं. आता कळत नाही. माझ्याशीही तुम्ही तेच करत होतात, की मला खोटं शिकवत होतात? त्या माणसाला पुढे कधी कुठे ट्रायल द्यायची नव्हती, बाबा. मला होती. यावर तुमच्याकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही, आणि असलं तरी मी ते लगेच खरं मानणार नाही.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही, ती हसेल. फक्त एक गोष्ट मालकांना सांगितली नाही, काकांना नाही, आईलाही नाही. काका खाली उतरणार हे मला ते उतरायच्या आधीच ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा. त्यांनी श्वास घेतला तेव्हाच.