माझ्या बसला हात कुणी लावला?

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? सकाळी इथून निघताना तुम्ही ती धरून होता, म्हणून विचारतो. (वाकून बारीक काम केलं की कंबर धरते, असा माझा अनुभव आहे. त्यावर पुढे येतोच.) घरी सर्वांना यथायोग्य सांगा. तुमच्या ताईचा गुडघा बरा आहे. माझं अक्षर या खेपेस वाकडंतिकडं दिसेल, कारण आमच्या टेबलाचा एक पाय आखूड झाला आहे. डॉक्टर म्हणतात टेबल ठीक आहे, हात थरथरतो. मी त्यांच्या टेबलाखालीही वाकून पाहिलं. त्याचाही पाय मला आखूडच वाटला. (हे ताईला सांगू नका. मी डॉक्टरकडे गेलो होतो हेच तिला माहीत नाही.)

पत्रास कारण, सतरा नंबरची बस. ती मी एकतीस वर्षं चालवली, हे तुम्ही आठ दिवस प्रत्येक जेवणाला ऐकलंत. गेल्या वर्षी ती भंगारात निघाली तेव्हा डेपोच्या मॅनेजरांनी निरोप पाठवला, की तिची हातभर लांबीची प्रतिकृती करून द्या, दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात ठेवू आणि खाली तुमचं नाव लिहू. ज्या दालनात निवृत्तीच्या दिवशी मला कुणी 'बसा' म्हणालं नाही, तिथे माझं नाव लागणार! सांगाडा, चाकं, खिडक्या, सगळं गेल्या वर्षीच झालं. राहिला रंग. येत्या रविवारी मॅनेजर स्वतः बस न्यायला येणार आहेत, आणि आज गुरुवार आहे.

आता हाताने रंग द्यायचे नियम सोपे आहेत. रंगात पाणी घालून तो दुधाइतका पातळ करायचा, ब्रश बुडवून बशीच्या कडेला निपटायचा, एका दिशेने एकदाच ओढायचा आणि मग गप्प बसायचं. पहिला हात फिका आणि डागाळलेला दिसतो. दिसू द्यायचा. तो पुरता वाळला की दुसरा, मग तिसरा. यातलं गप्प बसणं मला जमत नाही. कुठे जरा कमी लागलंय असं वाटलं की मी पुन्हा ब्रश फिरवतो, आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला की चऱ्या उठल्याच म्हणून समजा. (हल्ली न फिरवताही उठतात. टेबल.) सोमवारी दाराची बाजू रंगवली ती इतकी खडबडीत झाली की माझं मलाच रडू आलं. बस तशीच ठेवून मी दुपारचा आडवा झालो. चार वाजता उठून बघतो तर चऱ्या गायब! बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत.

आधी मी श्रेय रंगाला दिलं. 'वाळताना आपोआप सपाट होतो' असं डबीवर छापलं आहे, आणि छापलेल्यावर माझा विश्वास असतो. मंगळवारीही तेच. पण मंगळवारी ब्रशाकडे लक्ष गेलं. माझा ब्रश पेल्यात डोक्यावर उभा असतो, केस खाली, दांडी वर. (चूक आहे, माहीत आहे.) तो मला स्वच्छ धुतलेला, केसांना नीट टोक काढून फडक्यावर आडवा निजवलेला मिळाला. रंग आपोआप सपाट होईलही, पण ब्रश काही आपोआप आंघोळ करत नाही. तेव्हा म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

पहिला संशय शेजारच्या फोटोवाल्यावर. सतरा नंबर त्याच्या दारी कधी थांबली नाही, याचा त्याला जुना राग. पण रागाने माणूस चऱ्या पाडेल, घालवेल कशाला? तरी बुधवारी खोलीच्या दाराला मी दोरा बांधून ठेवला. उठलो तर दोरा गुंडाळून शिवणाच्या डब्यात. खरं तर डोळ्यांत तेल घालून जागायचंच ठरवलं होतं, पण ताई म्हणते त्या दुपारी मी नेहमीपेक्षा जोरात घोरलो.

शेवटी भिंग लावलं. मी दाराची बाजू रंगवताना पुढच्या काचेकडून मागच्या दिव्याकडे ओढतो, म्हणजे डावीकडून उजवीकडे. ब्रश उचलतो तिथे रंगाची बारीक शेपूट उमटते. ही शेपूट पुढच्या काचेपाशी होती! म्हणजे ओढणारा डावरा. मेहुणेबुवा, घरात त्या आठ दिवसांत डावऱ्या हाताने जेवणारं एकच माणूस होतं, आणि ते आता कंबर धरून बसलं आहे.

मी रागावलो नाही. फक्त विचारतो, का? उद्या त्या कपाटासमोर चारचौघांत 'दाराची बाजू आमची हो' म्हणायचं आहे का? ती बस माझी आहे. रंग वाईट झाला तरी माझा व्हायला हवा होता. खरं सांगा, राग मानणार नाही. (मानेन.)

आपला,
दाजी

ता. क. – पत्र काल टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज शुक्रवार. सकाळी ड्रायव्हरची बाजू रंगवली, चऱ्यांसकट, आणि दुपारी तीही गुळगुळीत झाली. तुम्ही तर काल सकाळीच गेलात. तेव्हा वरचा मजकूर मागे घेतो. कंबरेला शेक द्या.

ता. क. दुसरा – शनिवार. आज घोरण्याचं नाटक करून दाराच्या फटीतून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तुमची ताई, बस मांडीवर, श्वास रोखलेला, आणि ब्रश डाव्या हातात. ओल्या पॉलिशपेपरने माझ्या चऱ्या घासून तिने वर असा हात दिला, की मी एकतीस वर्षांत कधी इतकी सरळ बस चालवली नाही. लहानपणी शाळेत मारून तिचा हात बदलला, हे तुम्हाला माहीत असणार. मला चौतीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. मागच्या चाकावरची टीचभर जागा मात्र तिने माझी म्हणून तशीच सोडली आहे, चऱ्यांसकट. ती का, हे कळायला मला संध्याकाळ झाली, आणि कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

तेव्हा काम असं. एक चपटा, मऊ केसांचा ब्रश पाठवा, डाव्या हाताला बरा पडेल असा. पार्सलवर नाव माझंच घाला. बावीस नंबरची बस करायला घेतो आहे. तिला यातलं काही कळवू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅनेजरांना निरोप दिला आहे की पाटीवर नाव घालू नका, नुसतं आडनाव लिहा. ते आमचं दोघांचं आहे.

ता. क. शेवटचा – पाकिटावरचा पत्ता तिच्या हातचा दिसेल. आत्ता येऊन तिने आपणहून पाकीट मागून घेतलं. "तुमचं अक्षर पोस्टमनला लागत नाही," म्हणाली. हात थरथरतो, असं काही म्हणाली नाही.