गोऱ्याचा टॅग

रूपेश,

आईच्या पाटल्या कपाटात शोधू नकोस. त्या हातात घालून मी अंबरनाथला ड्यूटीवर चाललेय. त्या मोडून तू ज्या नव्या क्रिप्टो कॉइनमध्ये पैसे टाकणार होतास, त्याची वेबसाइट मी सकाळी पाहिली. "ताई, मी सगळा रिसर्च केलाय," म्हणे! डोंबलाचा रिसर्च! उल्हासनगरच्या कारखान्यात दिवसभर जीन्सला "मेड इन इटली"चं लेबल लावणारा माणूस "लंडन ऑफिस" वाचून भुलतो, याचीच मला जास्त चीड आली.

तुमच्या जीन्सचा एक टॅग चिठ्ठीला टाचलाय. त्यावरचा गोरा बघ, मग वेबसाइटवरचा कंपनीचा मालक बघ. एकच माणूस आहे. टॅगसाठी त्याचा फोटो नेटवरून तूच उचलला होतास.

ताई