गाळलेली ओळ

राळेगाव, रविवार, संध्याकाळ

चर्चमधल्या मिस्साहून येताना आमचा जोसेफ म्हणाला, “आई, मले फादर व्हायचं हाय. मंग फौजेत, जवानाईपाशी राह्यचं.”

हे हसले, “फादर का फौजी, एक तं ठरव!”

एकुलता एक पोरगा. देवाला द्यायचा, की सीमेवर पाठवायचा? की दोन्ही? राग आला, पण कोणाचा?

रोज जपमाळेनंतर मीच म्हणते, ‘प्रभू, आमच्या घरांतून तुझ्या सेवेसाठी धर्मगुरू बोलाव.’ म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्यांचीच घरं धरत होते का?

आज ती ओळ गाळली. वाटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही. जोसेफनं डोळे मिटूनच ती म्हटली आणि थांबला. ह्यांनी ‘आमेन’ म्हटलं. माझे ओठ हलले. आवाज निघाला का, सांगता येत नाही.